सर्वेक्षणात सर्वांना आवडलेली भाजणी दुकानातून परत का येते?

जात्यावरचा यांचा प्रश्न:

सांगली जिल्ह्यात आमचा पिठांचा आणि मसाल्यांचा व्यवसाय आहे. आजीने घरातल्या घरात सुरू केलेली थालीपिठाची भाजणी आजही आमच्या निम्म्याहून अधिक विक्रीचा भार वाहते. तिच्या जोडीला मेतकूट, उपवासाची भाजणी आणि कांदा-लसूण मसाला आहे. गेल्या वर्षी आम्ही एक नवे उत्पादन बाजारात आणले. भाजणीतच मीठ, तिखट, हळद, ओवा, तीळ, वाळवलेला कांदा आणि कोथिंबीर घातलेली, म्हणजे घेणाऱ्याने केवळ पाणी घालून पीठ मळायचे आणि थापायचे, अशी कल्पना होती. नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा वेळ वाचेल हा आमचा हिशेब आम्हाला इतका स्वच्छ वाटत होता की घरात त्यावर कोणी वादही घातला नाही.

तरीही केवळ अंदाजावर विसंबायचे नाही म्हणून आम्ही बचत गटांच्या तीन प्रदर्शनांत टेबल मांडले, लोण्याच्या गोळ्यासह गरम थालीपीठ चवीला दिले आणि शंभरावर स्त्रियांकडून छापील प्रश्नावली भरून घेतली. हे उत्पादन बाजारात आले तर आपण घ्याल का, या प्रश्नाला जवळजवळ सर्वांनी होकार दिला आणि कित्येकींनी ते कधी मिळू लागेल याची आपणहून चौकशी केली. त्या भरवशावर आम्ही उभी राहणारी चकचकीत पाकिटे छापून घेतली. छपाईचे सिलिंडर करून घेतले की पाकिटे एकदम मोठ्या संख्येने घ्यावी लागतात, त्यामुळे बरीच रक्कम त्यात अडकली. पहिले दोन महिने वितरकांकडून चांगला उठाव झाला, मग मागणी एकाएकी थांबली, आणि सहाव्या महिन्यापासून मुदत संपत आलेला माल खोक्यांनी परत येऊ लागला. त्याच दुकानांत, त्याच फळीवर आमची साधी भाजणी मात्र पूर्वीसारखीच विकली जात आहे.

वडील म्हणतात की ग्राहकाला काय हवे ते त्यालाच ठाऊक नसते. वितरक म्हणतो की भाव जास्त आहे, आणि धाकट्या भावाच्या मते जाहिरात कमी पडली. ज्याचे जे काम, त्याला साजेसे ज्याचे त्याचे उत्तर आहे. आमचे सोडा, पण ज्यांच्याकडे बाजार संशोधनाचे स्वतंत्र विभाग आहेत, अशा मोठ्या कंपन्याही याच खड्ड्यात पडलेल्या आपण पाहतो. ग्राहक समोर उभा असतो, बोलतोही, मग त्याला काय हवे हे उद्योगांना समजणे इतके अवघड का जाते? अनुभवी मंडळींनी आमच्या चुकीसकट यावर मोकळेपणाने लिहावे.

---

गल्ल्यामागून यांचा प्रतिसाद:

मी सोलापुरात किराणा मालाचे दुकान चालवते. तुमचे उत्पादन माझ्याकडे आलेले नाही, पण त्याच जातीची दोन उत्पादने येऊन गेली आणि दोन्ही परत गेली, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

लोण्याच्या गोळ्यासह गरम थालीपीठ हातात ठेवून विचारले असते तर मीही 'हो'च म्हटले असते. तो होकार थालीपिठाला होता, पाकिटाला नव्हता. शिवाय टेबलापलीकडे तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरचे कोणी उभे असणार. ज्याने केले त्याच्याच तोंडावर, त्याचेच फुकट खाऊन, "मी हे घेणार नाही" असे म्हणण्याइतक्या आपल्याकडच्या बायका उद्धट नसतात.

माझ्या दुकानात भाजणी कशी घेतली जाते ते सांगते. साधी भाजणी पारदर्शक पिशवीत येते. बाई पिशवी उजेडाकडे धरून रंग पाहते, बोटांनी चिमटून पीठ किती जाडसर आहे याचा अंदाज घेते, आणि शिवणीपाशी नाक नेऊन खमंगपणा येतो का हे पाहते. बंद पिशवीतून वास तो किती येणार, पण ती ते करतेच, आणि तिचे समाधान झाल्याखेरीज पिशवी टोपलीत जात नाही. चकचकीत पाकिटावर थालीपिठाचे सुंदर चित्र असते आणि आतले काहीच दिसत नाही. भाजणी जास्त भाजली गेली आहे की कच्ची राहिली आहे, हे चित्रावरून कसे कळणार?

एका शिक्षिकाबाईंचा प्रसंग मला चांगला आठवतो. त्यांनी तयार मिश्रणाचे पाकीट उचलले, उलटसुलट करून वाचले आणि मला विचारले, "यात तिखट किती आहे?" पाकिटावर 'मध्यम' असे छापले होते, तेच मी वाचून दाखवले. त्यांनी पाकीट जागेवर ठेवले आणि साधी भाजणी घेतली. पुढे केव्हातरी बोलता बोलता त्याचे कारण उमगले. त्यांच्या घरी सासऱ्यांना पित्ताचा त्रास आहे आणि धाकट्या मुलाला तिखट अजिबात चालत नाही. यजमानांना मात्र हिरव्या मिरचीचा ठेचा घातल्याशिवाय थालीपीठ थालीपीठ वाटत नाही. त्या एकच पीठ भिजवतात, पहिली दोन थालीपिठे बिनतिखटाची लावतात आणि उरलेल्या गोळ्यात ठेचा मिसळतात. पाकिटात आधीच मिसळलेले तिखट काढता येत नाही. तुमची प्रश्नावली एका बाईने भरली, पण भाजणी खाणारी तोंडे चार होती आणि त्यांची चार मते तिच्या हाताखाली तव्यापाशी ठरत होती.

वेळेबद्दलही तुमचा अंदाज चुकला असे मला वाटते. थालीपिठाला वेळ लागतो तो थापायला आणि एकेक करून तव्यावर भाजायला. मीठ-तिखट घालायला किती लागतो? कांदा चिरण्याचा त्रास खरा आहे, हे मान्य. पण वाळवलेल्या कांद्याने तो ओलसर गोडवा येत नाही, म्हणून बाई पुन्हा ताजा कांदा चिरतेच. मग तिचे नेमके वाचले काय?

---

बीटवरचा यांचा प्रतिसाद:

वरच्या ताईंनी स्वयंपाकघरातली बाजू इतकी नेमकी मांडली आहे की त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी एका खाद्यपदार्थ कंपनीच्या विक्री विभागात बरीच वर्षे काढली, प्रथम बीटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या दुकानांच्या फेरीवर, फिरणारा सेल्समन म्हणून आणि नंतर विभागीय जबाबदारीवर. त्यामुळे दुकान ते कारखाना या वाटेवर काय घडते तेवढेच सांगतो.

तुम्ही ज्याला पहिल्या दोन महिन्यांचा चांगला उठाव म्हणता, तो ग्राहकांचा उठाव नव्हताच. तुमच्या गोदामातून वितरकाच्या गोदामात माल गेला, एवढाच त्याचा अर्थ आहे. याला धंद्यात प्रायमरी म्हणतात. वितरकाकडून दुकानात जाते ती सेकंडरी. दुकानातून पिशवीत पडून घरी काय गेले, याची नोंद बहुतेक लहान उत्पादकांकडे नसतेच. नव्या मालावर दहाला एक मोफत अशी स्कीम असली की वितरक उचलतो, दुकानदारही नात्याखातर एखादे खोके ठेवून घेतो, आणि महिनाअखेरीस आकडा गाठण्यासाठी आमच्यासारखे सेल्समन हातापाया पडून आणखी दोन खोकी टाकून येतात. कारखान्यात बसलेल्या मालकाला आलेख चढताना दिसतो, आणि त्याच वेळी दुकानाच्या फळीवर पहिल्या खोक्यातली निम्मी पाकिटे धूळ खात असतात.

आता ग्राहकाचे म्हणणे वर कसे जाते ते पाहा. ताईंच्या दुकानातल्या शिक्षिकाबाईंचा प्रश्न, समजा, त्यांनी सेल्समनला सांगितला. त्याच्या हातातल्या रोजच्या तक्त्यात, आणि आता मोबाइलमधल्या ॲपमध्ये, दुकानभेटी, ऑर्डर, वसुली आणि शिल्लक माल एवढेच रकाने असतात. सासऱ्यांच्या पित्तासाठी त्यात रकाना नाही. महिन्याच्या बैठकीत साहेब विचारतात की माल का हलत नाही, तेव्हा त्याच्यापुढे उत्तरे मोजकीच असतात. "मी दुकाने नीट केली नाहीत" असे तो म्हणणार नाही. "वस्तूच चुकली आहे" असे म्हटले तर ज्यांनी ती काढली तेच समोर बसलेले असतात. राहतो तो भाव. भाव जास्त आहे, या उत्तरात कोणाचाच अपमान होत नाही, म्हणून तेच उत्तर सर्वांत जास्त वेळा वर पोहोचते आणि हळूहळू सर्वांना खरे वाटू लागते. तुमच्या वितरकाने तेच सांगितले, यात मला काहीच नवल वाटत नाही. भाव खरोखरच अडचण असेल अशीही वेळ येते, नाही असे नाही. पण तुमची साधी भाजणी फार स्वस्त नसूनही विकली जात असेल, तर मी आधी दुसरीकडे पाहीन.

यापुढे नवा माल काढाल तेव्हा एकूण विक्रीकडे पाहू नका. वीस दुकाने निवडा, त्यांना स्कीम देऊ नका, आणि त्यांतल्या किती दुकानदारांनी आपणहून फोन करून दुसऱ्यांदा माल मागितला तेवढेच वहीत लिहा.

---

पिंपरीकर यांचा प्रतिसाद:

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर टाटांची नॅनो गाडीच येणार. मोठ्या कंपन्याही का चुकतात, असा प्रश्न विचारला आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात टाटा मोटर्सने ती गाडी दाखवली तेव्हा तिच्यामागची प्रेरणा रतन टाटा यांनी स्वतः अनेकदा सांगितली होती: स्कूटरवर पुढे मूल उभे, मागे पत्नी आणि तिच्या मांडीवर आणखी एक मूल, असे पावसात भिजणारे कुटुंब. निरीक्षण खरे होते, गरज खरी होती, आणि एक लाख रुपयांची किंमत गाठण्यासाठी अभियंत्यांनी जे काम केले त्याला आम्हा सुट्या भागवाल्यांनी मनापासून सलाम केला आहे. मार्च २००९ मध्ये गाडी बाजारात आली आणि नोंदणी सुरू झाल्यावर दोन लाखांहून अधिक लोकांनी ती पैसे भरून नोंदवली. म्हणजे प्रदर्शनातल्या फुकट होकारापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा कंपनीच्या हाती होता. तरीही नोव्हेंबर २०१० या एका महिन्यात देशभर केवळ ५०९ नॅनो विकल्या गेल्या. गुजरातमधल्या साणंदच्या कारखान्याची वार्षिक क्षमता अडीच लाख गाड्यांची होती आणि सर्वांत चांगल्या वर्षी, म्हणजे २०११-१२ मध्ये, विक्री पाऊण लाखाच्या आसपास राहिली. २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ थांबलेच.

कारणे एकाहून अधिक होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारखाना आधी जिथे उभा राहणार होता त्या पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचे आंदोलन आणि कारखाना गुजरातला हलवण्यात गेलेला काळ, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या, आणि ज्याच्याकडे पगाराची पावती नाही अशा माणसाला कर्ज मिळण्यातली अडचण, या सर्वांचा वाटा आहे. पण त्या नोंदणीतच एक गोष्ट लिहून ठेवलेली होती आणि तिच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेले नाही. नोंदवलेल्या गाड्यांपैकी सुमारे निम्म्या सर्वांत वरच्या, वातानुकूलित एलएक्स प्रकाराच्या होत्या. सर्वांत स्वस्त, साध्या प्रकाराला सुमारे पाचवा हिस्सा मिळाला होता. जगातली सर्वांत स्वस्त गाडी म्हणून जिची कीर्ती झाली, तिच्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांना त्यातल्या त्यात महागडी गाडी हवी होती.

स्कूटरवरून गाडीवर येणारा माणूस पावसापासून बचाव तर मागत होताच, पण सोसायटीत गाडी उभी केल्यावर शेजाऱ्यांनी काय म्हणावे, याचाही विचार करत होता. लग्नाला जाताना सासुरवाडीच्या दारात आपण स्वस्तातली गाडी घेऊन उतरलो असे कोणाला वाटून घ्यायचे नसते. हे तो कोणत्याही प्रश्नावलीत लिहिणार नाही. विचारले तर "आम्हाला परवडणारी, सुरक्षित आणि चांगले ॲव्हरेज देणारी गाडी हवी" असेच लिहील, आणि ते खोटेही नसेल. पुढे रतन टाटा यांनीच जाहीरपणे मान्य केले की गाडी 'सर्वांत स्वस्त' म्हणून ओळखली गेली ही चूक होती आणि त्यात कंपनीचाही हात होता. बाहेरून उघडणारी डिकीसुद्धा २०१५ च्या आवृत्तीत आली. तोपर्यंत मागचे आसन पाडून आतून सामान काढावे लागत असे. ज्याने स्टेशनवर कुटुंबाला घ्यायला गाडी नेली असेल, त्याला या एका गोष्टीचा अर्थ सांगायला नको.

दुसरे उदाहरण आपल्या तळोज्यात कारखाना असलेल्या कंपनीचे आहे, ते थोडक्यात सांगतो. केलॉग्ज कंपनीने १९९४ मध्ये कॉर्नफ्लेक्स भारतात आणले. ते कुरकुरीत राहतात ते थंड दुधात. आपल्याकडे सकाळी दूध तापवले जाते आणि गरमच घेतले जाते. गरम दुधात त्यांचा क्षणात लगदा होत असे. न्याहारीला काय खाता, असे विचारून हे कळले नसते. दूध चुलीवरून उतरून वाडग्यात पडते तो अर्धा मिनिट पाहिला असता तर कळले असते.

मात्र "ग्राहकाच्या घरी जा म्हणजे सर्व समजेल" असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण गोदरेजच्या छोटूकूलचे उदाहरण त्याच्या आड येते. ज्यांच्याकडे शीतकपाट नाही आणि विजेचाही भरवसा नाही अशा ग्रामीण कुटुंबांसाठी, कॉम्प्रेसरशिवाय आणि बॅटरीवरही चालणारी, वरून उघडणारी ती लहान पेटी होती. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास होती. कंपनीची माणसे गावांत जाऊन राहिली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या स्त्रियांना बोलावून त्यांच्याकडून रचनेवर मते घेतली, रंगसुद्धा त्यांच्या पसंतीने ठरवला. याहून अधिक आस्थेने विचारपूस कोणी करेल असे मला वाटत नाही. तरीही ज्या कुटुंबांसाठी ती घडवली त्यांनी ती अपेक्षेइतकी घेतली नाही, आणि कंपनीला पुढे लहान दुकानदार, टपरीवाले आणि शहरातले ग्राहक यांच्याकडे वळावे लागले. माझा तर्क असा की ज्या घरात भाजी रोजच्या रोज आणली जाते, दूध सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत संपते, तिथे थंड ठेवायला शिल्लकच फारशी उरत नाही. पेटी कशी असावी हे त्या स्त्रियांनी उत्तम सांगितले, पण ती आपल्याला लागते का, हा प्रश्न पाहुण्यासमोर त्यांनीही मागे ठेवला असावा. हा केवळ तर्क आहे, कोणी खोडून काढला तर आनंदच होईल.

---

अर्धविराम यांचा प्रतिसाद:

चर्चा चांगली चालली आहे, पण सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती मला मान्य नाही. उद्योगांना ग्राहक समजत नाही, हे नेहमी खरे नसते. कित्येकदा त्यांना तो पुरेपूर समजलेला असतो, पण ते समजणे त्यांच्या सोयीचे नसते.

बँकेत किंवा मोबाइल कंपनीत फोन करणाऱ्याला काय हवे असते, हे शोधायला संशोधनाची गरज आहे का? त्याला माणसाशी बोलायचे असते. हे त्या कंपनीतल्या शिपायापासून अध्यक्षापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. तरीही मराठीसाठी दोन दाबा, खात्यासाठी चार दाबा, आधीच्या पर्यायांसाठी चांदणी दाबा, अशी वाट त्याला चालावी लागते, कारण माणूस महाग पडतो आणि वाट स्वस्त पडते.

त्याहून गमतीचा प्रकार अभिप्रायांचा आहे. मध्यंतरी मी माझी गाडी एका सेवा केंद्रात दिली होती. गाडी दोन तास उशिरा मिळाली, आणि पुसायला सांगितलेल्या काचेवर हाताचे ठसे तसेच होते. किल्ली देताना तिथला तरुण मुलगा अगदी अजिजीने म्हणाला, "सर, उद्या कंपनीतून फोन येईल, प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात." दुसऱ्या दिवशी फोन आला आणि मी दहा दिले. त्या मुलाचे वीस-बावीसचे वय पाहून दुसरे काही देववेना. आता त्या कंपनीच्या मुख्यालयात कुठल्यातरी पडद्यावर माझे समाधान शंभर टक्के दिसत असेल, आणि एखादा व्यवस्थापक त्याच्या जोरावर बढती मागत असेल. ज्या क्षणी ग्राहकाचे मत हेच कोणाच्यातरी पगाराचे माप होते, त्या क्षणापासून त्या मताची गोळाबेरीज हे त्याचे काम होते. काच पुसणे मागे पडते.

बीटवरच्या साहेबांनी वर जाणारे उत्तर कसे गाळले जाते ते सांगितले, ते योग्यच आहे. पण गाळणी वरच्यांनीच लावलेली असते, हेही सांगायला हवे होते. मूळ प्रश्न विचारणाऱ्यांचा व्यवसाय लहान आहे, त्यांच्यात आणि ग्राहकात दोनच पायऱ्या आहेत. त्यांनी स्वतःला मोठ्या कंपन्यांच्या रांगेत बसवू नये. त्यांची चूक मला अगदी साधी वाटते. नवे मिश्रण करण्याचे त्यांच्या मनाने आधीच घेतले होते आणि प्रदर्शनात ते संमती गोळा करायला गेले होते. नाही म्हणणारी एखादी बाई भेटली असती, तर तिच्याशी ते किती वेळ बोलले असते?

---

जात्यावरचा यांचा प्रतिसाद:

सर्वांचे आभार. अर्धविराम यांचा शेवटचा प्रश्न बोचला, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. तिसऱ्या प्रदर्शनात साठीच्या एक बाई थालीपीठ खाऊन म्हणाल्या होत्या, "चव छान आहे, पण हे माझं थालीपीठ नाही." आम्ही हसलो आणि त्यांच्या प्रश्नावलीत 'हो'वर खूण केली. चव छान आहे असे त्या म्हणाल्या होत्याच, असे आम्ही स्वतःला सांगितले. तो कागद अजून कपाटात आहे.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी मिरजेतल्या एका ओळखीच्या दुकानात गल्ल्याशेजारी नुसता बसून राहिलो. दोन तासांत आमची साधी भाजणी सहा जणांनी घेतली. त्यांतल्या चौघींनी, ताईंनी लिहिले तशी, पिशवी चिमटून पाहिली. एकीने तर दोन पिशव्या शेजारी धरून त्यांतली अधिक तांबूस निवडली. आजीच्या वेळेपासून आम्ही प्रत्येक घाण्याचा रंग एकसारखा यावा म्हणून धडपडत आलो आहोत आणि तो सारखा येत नाही याची आम्हाला लाज वाटत असते. तिथे मात्र ती बाई त्या फरकातूनच आपली भाजणी निवडत होती. नवे पाकीट दोघींनी हातात घेतले आणि दोघींनी परत ठेवले. एकीला मी धीर करून कारण विचारले, पण मी कोण ते सांगितले नाही. ती म्हणाली, "यात काय काय घातलंय ते ते लोक जाणोत." घटकांची पूर्ण यादी पाकिटाच्या मागे छापलेली आहे, तीही मराठीत. तिने पाकीट उलटून पाहिलेही नव्हते.

बीटवरच्या साहेबांच्या सांगण्यावरून जुन्या बिलांच्या वह्या काढल्या. स्कीम बंद झाल्यानंतर नव्या पाकिटाची आपणहून मागणी करणारी दुकाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. विशेष म्हणजे त्यांतली जवळजवळ सर्व पुण्यातल्या मुलांच्या वसतिगृहांजवळची आणि अभ्यासिकांच्या परिसरातली आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, खोलीत एक शेगडी, चिरायला सुरी नाही, खाणारे तोंड एकच आणि तिखटाबद्दल कोणाला विचारायचे नाही. आमच्या प्रश्नावलीत या मुलांचा विचारसुद्धा नव्हता. प्रश्नावली स्त्रियांसाठीच छापली होती.

तेव्हा आता दोन गोष्टी मनात आहेत. उरलेले छापील पाकीट याच दुकानांपुरते चालू ठेवायचे आणि त्याचा आकार एका वेळच्या दोन थालीपिठांपुरता करता येतो का ते पाहायचे. घरगुती ग्राहकांसाठी मात्र पारदर्शक पिशवीत साधी भाजणी आणि आत तिखट-मिठाची वेगळी लहान पुडी, असे काही करावे का? मॅगीची मसाल्याची पुडी वेगळी असते आणि लहान मुलासाठी आई ती अर्धीच घालते, हे आठवले म्हणून सुचले. पुडीचा आणि ती आत टाकण्याच्या मजुरीचा खर्च वाढेल, म्हणून आधी विचारतो.

---

गल्ल्यामागून यांचा प्रतिसाद:

पुडीबद्दल माझे मत विचाराल तर मी "कल्पना छान आहे" असे म्हणेन, आणि तुम्ही पुन्हा त्यावर सिलिंडर करायला जाल, म्हणून मत देत नाही.

छपाई न करता, साध्या पारदर्शक पिशवीला हाताने चिकटवलेले लेबल लावून चाळीस पिशव्या माझ्याकडे पाठवा. वीस पुडीसह आणि वीस पुडीशिवाय, पुडीच्या खर्चाइतका भाव वेगळा ठेवून. स्कीम नको आणि परतीची सोयही नको. मी रोख पैसे देऊन घेईन, कारण परत करता येते म्हटले की मी त्या मागच्या फळीवर ठेवीन, हे मला माझ्याबद्दल पक्के ठाऊक आहे. दोन्ही प्रकार गल्ल्याजवळ मांडते. कोणत्या पिशवीला किती जणींनी चिमटून पाहिले, कोणी काय विचारले आणि कोण दुसऱ्यांदा घ्यायला आले, ते जमेल तसे उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते. श्रावण लागायच्या आत पाठवा. एकदा उपवास सुरू झाले की साध्या भाजणीकडे कोणी फिरकत नाही आणि तुम्ही पुन्हा पुडीलाच दोष द्याल.